चित्राआधी धुलाई: गोव्यातल्या थीम पार्कसाठी कर्मचाऱ्यांचे पोशाख कसे तयार करावेत

ऑक्टोबर उजाडला की मला असे दोन-तीन फोन हमखास येतात. पार्क आठवड्याभरात उघडायचंय, साठ-सत्तर जणांचे पोशाख शिवून आलेत, फोटोत झकास दिसतात, पण राइडवरच्या मुलाला हात वर करता येत नाही. नाहीतर रंग पहिल्याच धुण्यात उतरलाय. नाहीतर अस्वलाच्या डोक्याला आतून वास मारतोय.

मी मुळात नाटकाच्या कपडेपटातला. फोंडा-डिचोलीकडच्या जत्रांतल्या नाटकांचे कपडे सांभाळत होतो. आता पार्क आणि रिसॉर्टच्या माणसांचे पोशाख बघतो. नाटकातला राजा रात्रीचे तीन तास राजा असतो, आणि त्यातला निम्मा वेळ विंगेत वारा घेतो. पार्कातला राजा आठ तास उन्हात उभा असतो आणि दर दहा मिनिटांनी एक पोर त्याची शाल ओढतं. तरीही बहुतेक जण नाटकासारखंच, चित्रापासून सुरू करतात. काम दुसऱ्या टोकाने सुरू करावं लागतं: हा माणूस दिवसभर काय करणार, कपडा कुठे धुणार, जुलैत तो वाळणार कुठे. चित्र त्यानंतर.

## १. हुद्द्यांची नव्हे, हालचालींची यादी करा

मालक यादी देतो ती अशी: मॅनेजर २, सुपरवायझर ५, ऑपरेटर १८. ही पगाराची यादी झाली. पोशाखासाठी प्रत्येक जागेवर अर्धा तास उभं राहून चारच गोष्टी लिहा: पाणी किती लागतं, फिरतं यंत्र किती जवळ आहे, खाण्याच्या पदार्थाला हात लागतो का, आणि गर्दीत हा माणूस किती लांबून ओळखू यायला हवा. एवढं लिहिलं की वीस हुद्द्यांचे पाच-सहा गट आपोआप पडतात.

यंत्राजवळच्या गटाला लोंबणारं काहीही नको. ओढणी नको, कमरेचा शेला नको, झालरीची बाही नको. ओळखपत्राची दोरी झटका बसताच सुटणाऱ्या खटक्याची हवी, नाहीतर कार्ड सरळ खिशाला लावा. केस बांधून टोपीच्या आत. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. ती पाहुणी होती. तुमचा ऑपरेटर त्याच चाकाशेजारी रोज उभा असतो.

सावधान, रंग दोन ठिकाणी राखीव आहेत. लाल-पिवळी जोडी जगभर जीवरक्षकांची मानली जाते, आपल्या किनाऱ्यांवर लागणारे झेंडेही त्याच रंगाचे. वॉटर पार्कात पॉपकॉर्न विकणाऱ्याला लाल-पिवळं घातलंत तर घाबरलेली आई मदतीला त्याच्याकडे धावेल. आणि खुद्द जीवरक्षकाला निळं कधीच देऊ नका. निळ्या टाकीत निळा माणूस दिसत नाही.

दुसरं सुरक्षारक्षकांचं. खासगी रक्षकांचा गणवेश पोलीस किंवा सैन्यदलांच्या गणवेशासारखा असणं हा २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. ‘थीम जंगलाची आहे, खाकी शोभेल’ हा युक्तिवाद मी दोनदा ऐकलाय. जंगलाला ऑलिव्ह आणि तपकिरी पुरतात.

## २. शिंप्याचं पंचांग बघा

आपला हंगाम ऑक्टोबर ते मे. म्हणून लोक सप्टेंबरात शिंप्याकडे जातात आणि इथेच निम्मा खेळ बिघडतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी गोव्यातला कुठलाही शिंपी हातात नसतो आणि चवथीत तर दुकानच बंद. डिसेंबर धरला तर नाताळचे सूट आणि लग्नाचे कोट.

माझा क्रम असा: जूनमध्ये कामाची यादी, जुलैत कापडाच्या चाचण्या, ऑगस्टच्या आरंभी मापं आणि नमुना, चवथीआधी नमुना पक्का. विसर्जनानंतर शिलाई सुरू, दिवाळीआधी माल हातात. चवथ कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते, तेव्हा तारीख कॅलेंडरातून नक्की करा, अंदाजाने नको. जुलै चाचणीला मुद्दाम ठेवलाय. जे कापड जुलैत वाळतं ते वर्षभर वाळतं.

## ३. कापड: दुकानात बोटांनी नव्हे, बादलीत तपासा

कोरड्या जागेवरच्या कामाला टेरीकॉट, म्हणजे सुती-पॉलिस्टरचं मिश्रण. लोक नाक मुरडतात, शुद्ध सुती हवं म्हणतात. सुती अंगाला गोड लागतं हे खरं, पण घामाने भिजलं की भिजलेलंच राहतं, आणि आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत काखेत लाल चट्टे उठतात. पाण्याजवळच्या माणसांना ड्राय-फिट प्रकारचं विणलेलं पॉलिस्टर. पूर्ण सुती मी फक्त स्वागतकक्षात देतो, जिथे एसी आहे.

आकसण्याची चाचणी. कापडावर कायमच्या शाईने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. तुमच्या धुलाईवाल्याकडे, त्याच्या नेहमीच्या साबणात आणि गरम पाण्यात, तीनदा धुऊन आणा. घरी हलक्या हाताने धुतलेलं धरायचं नाही. चौकोन ४८.५ वर आला तर कापड ३ टक्के आकसलं. ७० सेंटिमीटरच्या शर्टात दोन सेंटिमीटर गेले. एवढं असेल तर सगळा तागा कापण्याआधी पाण्यातून काढा. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी हे टाळलं होतं. चाळीस शर्टांच्या बाह्या पंधरा दिवसांत मनगटाच्या वर गेल्या. शेवटी सगळ्या कोपरावर कापून ‘उन्हाळी आवृत्ती’ म्हणून खपवल्या.

रंगाची चाचणी. पांढरा ओला फडका कापडावर वीसदा घासा. फडक्याला रंग लागला तर परत करा. पाण्याजवळच्या कापडाचा एक तुकडा आठवडाभर रोज टाकीच्या पाण्यात भिजवून वाळवा आणि कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून बघा. लायक्रा क्लोरीनपुढे टिकत नाही: आधी सैल पडते, मग कुरकुरीत होते.

घामाची चाचणी फार कमी लोक करतात. कापडावर पाण्याचे थेंब टाका आणि तीन पावलं मागे जाऊन बघा. फिका करडा आणि आकाशी रंग घामाचा नकाशाच काढून दाखवतात. गडद निळा, पांढरा आणि दाट छपाई झाकून घेतात. पांढऱ्याचा एक तोटा गोव्याचा: चिऱ्याची लाल धूळ. पांढरी विजार तिसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत गुलाबी होते.

## ४. मापं: ‘साइज काय?’ हा प्रश्न विचारू नका

माणूस त्याच्या लग्नातली साइज सांगतो. टेप घेऊनच मापं घ्या, आणि बाईचं माप बाईच घेईल हे आधीच ठरवा. आठ मापं पुरतात: छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, शर्टाची उंची, विजारीची उंची. त्यातला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, सगळे विसरतात. हात वर केला की शर्ट पोटावर चढतो तो मुंढा खोल कापल्यामुळे. हात वर जाणाऱ्या कामासाठी मी मुंढा वर घेतो आणि बगलेत चौबगला टाकतो. जुन्या अंगरख्यात असतो तोच तुकडा.

वॉकीटॉकी, हार्नेस, पैशाची पिशवी, जे काही कामावर अंगाला लागणार आहे ते बांधूनच कमरेचं माप घ्या.

शिंप्याला बजावून सांगा की बाजूच्या आणि सीटच्या शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेव. ठोक शिलाईत कापड वाचवायला आधी मायाच जाते. पार्कातली माणसं हंगामागणिक बदलतात. कारवारचा मुलगा जाऊन सावंतवाडीचा येतो, आणि पोशाख मात्र तोच. माया असेल तर एक शर्ट तीन अंगांना बसतो. विजारीला मागून अर्धा इलॅस्टिकचा नेफा घातला की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

तपासणी: वहीतली कुठलीही पाच मापं दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घ्या. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर टेप नाहीतर माणूस बदला.

## ५. आता चित्र काढा, आणि लगेच एकच नमुना शिवा

चित्रकाराला आता गट, कापड आणि रंगांच्या मर्यादा द्या. तो कुरकुरेल. कुरकुरू दे.

गोव्यात एक मोह ठरलेला: प्रवेशद्वारावर कुणबी साडी. लाल चौकडी, खांद्यावर गाठ, दिसते सुरेखच. पण ती इथल्या माणसांची साडी आहे, जत्रेतलं सोंग नव्हे. ती नेसवायची असेल तर नेसणं जाणणाऱ्या बाईकडून शिकून, फुगडी-धालो अशा बायकांच्या लोकनृत्यांच्या कार्यक्रमात नेसवा. विदूषकाच्या अंगावर किंवा शौचालय साफ करणाऱ्या बाईच्या अंगावर ‘लोकल टच’ म्हणून चढवू नका. राइडवर तर मुळीच नको. पदर तो पदर.

नमुना तीन वेगवेगळ्या अंगांच्या माणसांना एक पूर्ण पाळी घालायला द्या. मी सकाळी त्यांच्याकडून एवढं करून घेतो: दोन्ही हात वर करून वीसपर्यंत मोजणं, उकिडवं बसून बुटाची नाडी बांधणं, लहान मूल कडेवर घेऊन दहा पायऱ्या चढणं, आणि पळणं. पळताना टोपी उडाली, खिशातून चावी पडली, बटण तुटलं तर ते लिहून ठेवायचं. संध्याकाळी कपडा उलटा करून शिवणी बघायच्या. जिथे दोरा पांढरा पडलाय तिथे पंधरा दिवसांत उसवणार.

पायताण याच वेळी बघा. ओल्या भागात मागून पट्टा असलेले, तळाला पकड असलेले सँडल. अंगठ्याच्या चपला चालणार नाहीत. पार्कातल्याच ओल्या फरशीवर साबणाचं पाणी टाकून चालून बघा. दुकानातली फरशी कोरडी असते.

## ६. नियमावली: एक पान, आणि प्रत्येक नियमापुढे कारण

मला दाखवायला आणतात त्या नियमावल्या आठ-दहा पानी इंग्रजी असतात आणि कुणीच वाचलेल्या नसतात. एक पान करा, मराठी-कोंकणीत, कपडे बदलायच्या खोलीत आरशाशेजारी लावा. नियम तीन ढिगांत टाका: जिवासाठी, स्वच्छतेसाठी, दिसण्यासाठी. पहिल्या ढिगात सूट कुणालाच नाही, मालकाच्या पुतण्यालाही नाही. तिसऱ्या ढिगाशी भांडण करत बसू नका. डिस्नीच्या पार्कांनी दाढीला २०१२ मध्ये परवानगी दिली, आणि चेहरा-मान सोडून इतरत्र गोंदण दिसलं तरी चालेल हे २०२१ मध्ये मान्य केलं. इतका शिस्तीचा पोशाख असलेल्यांनी सैल सोडलं, तर हणजूणच्या रस्त्यावर टॅटूची दुकानं बघत मोठ्या झालेल्या पोराला पूर्ण बाह्यांत कोंडून तुम्हाला काय मिळणार?

भांडण होतं ते दागिन्यांवरून. अंगठी, बांगडी, मंगळसूत्र, गळ्यातला क्रॉस, मनगटाचा गंडा. यंत्राजवळ अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, हे सरळ सांगा. मंगळसूत्र आणि क्रॉस यांच्यावर माझा तोडगा: आखूड असेल तर गळाबंद शर्टाच्या आत, लांब असेल तर त्या माणसाला यंत्राजवळून हलवून तिकीटखिडकीवर. काढून ठेव म्हणायचं नाही. गंड्यावर घट्ट मनगटपट्टा. अय्यप्पाचं व्रत धरलेला मुलगा ४१ दिवस दाढी करत नाही, श्रावणात आपलेही कितीजण करत नाहीत. नियमात ‘व्रताची दाढी चालेल, विंचरलेली हवी, स्वयंपाकघरात जाळी लावून’ ही एक ओळ आधीच असली की दरवर्षीचा तमाशा टळतो. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही असं मात्र एकदाही करू नका.

नावाची पट्टी: पहिलं नाव, मोठ्या अक्षरांत, खाली येणाऱ्या भाषा. पिन ड्राय-फिटला भोक पाडते आणि खाण्यात पडते, म्हणून या दोन गटांना नाव छातीवर भरतकामाने किंवा वेल्क्रोच्या पट्टीवर.

## ७. मुखवट्यातली पात्रं: इथे घाई केलीत तर माणूस पडेल

फरचं अस्वल, फोमचं डोकं, आत वीस वर्षांचा मुलगा. बाहेर ३३ अंश आणि चिकट हवा. घाम येतो, पण हवा कोंडलेली असल्यामुळे सुकत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. बाकी सगळे पोशाख चुकले तर लाज जाते; हा चुकला तर दवाखाना.

अ) आतला थर आधी. प्रत्येकाला स्वतःचे आतले कपडे, त्याच्या नावाचे: पूर्ण बाह्यांचा पातळ ड्राय-फिट, विजार, मोजे, डोक्याला कापडी टोपी. दिवसाला असे तीन-चार जोड. फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये पात्रं करणाऱ्यांना आतले कपडे एकमेकांत वापरावे लागत; २००१ मध्ये कामगार संघटनेने विषय लावून धरला तेव्हा कुठे ते प्रत्येकाला वेगळे मिळाले. आपण पहिल्या दिवसापासून वेगळे द्यायला काय हरकत आहे?

आ) डोकं आतून बघा. दोन्ही बाजूंना हवा जायची जाळी, आत छोटा पंखा, आणि बॅटरी डोक्यात न ठेवता कमरेला. डोकं आतल्या माणसाला एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय, पाच सेकंदांत काढता आलं पाहिजे. मागची चेन आतूनही ओढता यायला हवी. मी स्वतः घालून घड्याळ लावतो. सात सेकंद लागले तर डोकं परत.

इ) सोबती ठरवा. पात्राला बहुधा तोंडाच्या जाळीतून दिसतं, तेही समोरचं. पायाशी आलेलं मूल दिसत नाही. म्हणून साध्या पोशाखातला एक माणूस सतत सोबत, तोही घड्याळ बांधून.

ई) वेळ. माझा नियम २० मिनिटं आत, ४० मिनिटं बाहेर; एप्रिल-मेच्या दुपारी १२ ते ४ पात्रं बाहेरच काढत नाही. बाहेर आल्यावर पंखा, पाणी, लिंबू-मीठ-साखर. ‘अजून दहाच मिनिटं, मोठा ग्रुप आलाय’ असं मॅनेजर म्हणेल. हो म्हणायचा अधिकार सोबत्याला देऊ नका, मॅनेजरलाही नको.

उ) खुणा. पात्र बोलत नाही, त्यामुळे त्रास सांगणार कसा? दोन्ही तळवे डोक्यावर म्हणजे ‘आत्ता बाहेर काढ’. रोज पाळीआधी एकदा करून दाखवायची.

सावधान: डोकं पाहुण्यांसमोर काढायचं नाही हा नियम आहे, पण चक्कर येत असेल तर तिथल्या तिथे काढायचं. हे वाक्य नियमावलीत जसंच्या तसं घाला. नाहीतर मुलगा भ्रम मोडू नये म्हणून गुदमरत पन्नास पावलं चालेल.

धुलाई: फर मशीनच्या गरम ड्रायरमध्ये घातलीत तर केसांची टोकं वितळून गोळे होतात. थंड पाणी, हलका साबण, ब्रशने विंचरून सावलीत पंख्याखाली. डोकं धुता येत नाही. पाळी संपली की अस्तर काढून धुवायला टाका आणि आत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पंख्यासमोर उलटं ठेवा. नाटकवाले यासाठी स्वस्त व्होडका मारतात. आमच्याकडे एकाने काजूची फेणी मारली होती. ससा आठवडाभर झिंगल्यासारखा वास मारत होता.

## ८. वाटप, खूण, धुलाई, वाळवण

कोरड्या जागेवर माणशी तीन जोड: एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर. पावसाळ्यात पार्क चालू ठेवणार असाल तर चार. एकूण जोडांचा दहावा हिस्सा जास्त शिवा आणि तो मोठ्या मापांत शिवा. मोठा कपडा लहान करता येतो.

प्रत्येक कपड्यावर नंबर. पूर्वी धोबी बिब्ब्याने खूण करायचे, ती कपडा फाटेपर्यंत जात नसे. कुणी हौसेने सुचवलं तर नको म्हणा: बिब्बा उततो आणि मानेवर फोड येतात. विणलेली नंबराची पट्टी कॉलरच्या आत चारही बाजूंनी शिवून घ्या. चिकटवलेली पट्टी दहाव्या धुण्याला निघते.

कपडे घरी धुवायला देऊ नका, निदान पाण्याजवळचे आणि पात्रांचे तरी. खोलीवर सहा जण राहणाऱ्या मुलाकडे जुलैत वाळवायला जागा कुठून येणार? मडवळाशी, म्हणजे धोब्याशी ठरवताना दर किलोमागे बोलू नका, नगामागे बोला, मोजणी दोघांनी मिळून करा.

वाळवणाची खोली हवीच. खिडकी उघडी ठेवून भागत नाही, पावसात बाहेरची हवाच ओली. खोली बंद, आत पंखे आणि हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र. काट्यावर आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली की बुरशी धरत नाही. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. रात्री ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात, तर सकाळी काळे ठिपके दिसतात. ते निघत नाहीत, ब्लीच मारलंत तर कपडा जातो.

रोजची तपासणी, पाळी सुरू व्हायच्या १५ मिनिटं आधी: बटणं, चेन, नाव, पायताण, लोंबणारं काही. सुई-दोरा आणि इस्त्री तिथेच. दोष दिसला तर माणसाला झापू नका, जोड बदलून द्या.

## ९. परत घेणं

मे अखेरीस हिशोब. हरवलं किंवा फाटलं की लगेच पगारातून कापायची सवय असते. कायद्याने अशी कपात माणसाच्या हलगर्जीपणामुळे वस्तू गेली असेल तरच करता येते, आणि तीही त्याचं म्हणणं ऐकल्यावर. हंगामभर घातलेला शर्ट कोपराला विरणारच. म्हणून देताना कपड्याची अवस्था वहीत लिहा, त्याची सही घ्या, घेताना तीच ओळ पुन्हा बघा.

चांगले कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत. प्लास्टिक नको. पात्रांची डोकी जमिनीवर नको, फळीवर, आत सिलिकाच्या पुड्या, आणि दर पंधरवड्याला कुणीतरी हात घालून बघायचं. टाकाऊ कपडे भंगारात देण्याआधी पार्कचं नाव असलेला तुकडा कापून काढा, सुरक्षारक्षकांच्या शर्टाची तर खांद्यावरची पट्टीही. एका हंगामात हे राहून गेलं होतं. पुढच्या डिसेंबरात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबाहेर आमच्याच रक्षकाच्या शर्टात एकजण गाड्यांकडून पार्किंगचे पैसे गोळा करत होता. नंबराची पट्टी बघितली: ०१७.